स्टाइलच्या यादीला कोणीतरी वाली नेमा : वृत्तपत्रांच्या संपादकांना आणि निर्मितीप्रमुखांना खुले पत्र

सन्माननीय संपादक, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षे मी दैनिकांची पाने लावते आहे. या काळात सॉफ्टवेअर बदलले, फाँट बदलले, पानाची रुंदी कमी झाली आणि रात्री पाने सोडण्याची वेळ अलीकडे आली. नवी प्रकाशन-प्रणाली घ्यायची ठरली की बैठका होतात, हेही मी तीनदा पाहिले. परवाने किती लागतील, सर्व्हर कुठे ठेवायचा, जुना संग्रह नव्या प्रणालीत कसा आणायचा, संकेतस्थळाशी जोडणी कशी होणार, असे प्रश्न त्या बैठकांत विचारले जातात आणि ते विचारायलाच हवेत. परंतु मजकुराच्या स्टाइलची, म्हणजे फाँट, आकार, अंतर वगैरे एका नावाखाली ठरवून ठेवलेल्या रूपांची, यादी कोण तयार करणार, त्या स्टाइलना नावे कोण देणार आणि उद्या त्यात बदल करायचा झाला तर तो अधिकार कोणाचा, हा प्रश्न मी आजवर एकाही बैठकीत ऐकलेला नाही. तो विचारला जावा आणि त्याचे उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने दिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या दैनिकात मी एके काळी होते, तिथल्या मुख्य अंकाच्या टेम्प्लेटमधील, म्हणजे पानाच्या तयार साच्यातील, पॅरा स्टाइलची (अख्ख्या परिच्छेदाला लागणाऱ्या स्टाइलची) यादी एकदा मी शांतपणे मोजली. ती चारशेच्या वर भरली. त्यात 'मथळा १' होता, 'मथळा १ कॉपी' होता, 'मथळा १ कॉपी २' होता, 'नवा मथळा' होता, 'मथळा रविवार' होता आणि 'मथळा जुना, वापरू नये' असाही एक होता. वापरू नये असे लिहिलेली ती स्टाइल त्या आठवड्यातील नऊ पानांवर लागलेली होती. उपसंपादक रात्री साडेदहाला या यादीत बोट ठेवतो तेव्हा त्याला योग्य मथळा निवडायला वेळ नसतो. दिसायला जवळचा जो सापडेल तो तो लावतो, आकार कमी-जास्त वाटला तर हाताने अर्धा पॉइंट (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचे माप) उतरवतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. चूक त्याची नाही. ती यादी कोणाचीच नव्हती, म्हणून ती तशी वाढली.

ती वाढते कशी हे एकदा पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पुरवणीच्या पानावरून एखादी चौकट उचलून मुख्य अंकात आणली की तिच्याबरोबर तिच्या स्टाइलही येतात. दोन्हीकडे एकाच नावाची स्टाइल असेल, तर इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या पानावर मजकूर आणला त्या पानाची व्याख्या लागू होते. नाव वेगळे असेल तर मात्र यादीत नवा पाहुणा दाखल होतो. वर्डमधून आलेल्या लेखाबरोबर लेखकाच्या संगणकावरील शीर्षके आणि परिच्छेदही येतात. दुसऱ्या फाइलमधून स्टाइल मागवताना नावांची टक्कर झाली आणि आपोआप नवे नाव द्या असे सांगितले, की त्या शेपटीच्या 'कॉपी' जन्माला येतात. शिवाय सारख्या नावाच्या दोन स्टाइल दोन वेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदू शकतात. सहा महिने कोणी लक्ष दिले नाही तर चाळीसची यादी दीडशेवर जाते.

आपल्या लिपीत या गोंधळाला आणखी एक पदर आहे आणि तो तांत्रिक विभागाने तरी नीट समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे. 'दुसऱ्या पातळीचा मथळा' अशी एक स्टाइल आमच्या यादीत दोनदा दिसत होती. अक्षरे तीच, क्रम तोच, मोकळी जागाही तेवढीच. तरी संगणक त्यांना दोन वेगळ्या स्टाइल समजत होता. शोध घेतल्यावर लक्षात आले की एका नावातील 'ऱ्या' हा युनिकोडमधील (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातील) स्वतंत्र 'ऱ' घेऊन टंकलेला होता आणि दुसऱ्या नावात साधा 'र', हलन्त आणि दोन्ही जोडणारे अदृश्य चिन्ह असा तो घडवलेला होता. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या फाइलींत तेच अक्षर 'अ' आणि त्यावर चंद्र असे दोन भागांत असते. पडद्यावर दोन्ही सारखेच. 'अँकर' हे नाव तर चंद्रबिंदू देऊन किंवा 'ॲ'वर अनुस्वार देऊन, दोन्ही तऱ्हांनी लिहिले जाते. अशा नावांवर एखादी स्क्रिप्ट (ठरलेले काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) किंवा संकेतस्थळाची जोडणी अवलंबून असेल तर ती एका पानावर चालते आणि शेजारच्या पानावर चालत नाही. कारण शोधण्यात मात्र दिवस जातो. नावे कोणत्या कळफलकावरून टंकायची हेदेखील ठरवावे लागते, ते यामुळे.

आता स्टाइल म्हणजे नेमके काय हे थोडे थांबून सांगते, कारण संपादकीय विभागात तिच्याकडे रंगसफेदी म्हणून पाहिले जाते. पॅरा स्टाइल हा एका नावाखाली बांधलेला निर्णयांचा गठ्ठा असतो. फाँट कोणता, आकार किती पॉइंट, दोन ओळींतले अंतर किती, परिच्छेदाआधी आणि नंतर किती जागा सोडायची, मजकूर दोन्ही बाजूंनी सम करायचा की डावीकडून लावायचा, शब्द तोडायचा की नाही, भाषा कोणती मानायची, ओळी पानाच्या आडव्या जाळीवर बसवायच्या की मोकळ्या सोडायच्या, आणि एंटर दाबल्यावर पुढचा परिच्छेद कोणत्या स्टाइलने सुरू व्हायचा, हे सारे त्यात येते. यातील प्रत्येक निर्णय कधीतरी कोणीतरी विचार करून घेतलेला असतो. स्टाइल लावणे म्हणजे तो निर्णय मान्य करणे. स्टाइल लावून वर हाताने आकार किंवा अंतर बदलणे, ज्याला आम्ही ओव्हरराइड म्हणतो, म्हणजे तो निर्णय त्या एका जागी मोडणे. इनडिझाइनमध्ये असे केले की स्टाइलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह उमटते. ते चिन्ह बहुतेक डेस्कवर कोणी पाहत नाही.

त्या चिन्हाची किंमत आम्हाला एका रात्री कळली. बातमीच्या मजकुराचा आकार साडेदहा पॉइंट होता आणि दोन ओळींतले अंतर साडेबारा पॉइंट. जाहिरातींमुळे बातम्यांना जागा पुरत नव्हती, म्हणून अंतर १२.३ पॉइंट करावे असे ठरले. हिशेब सरळ होता. स्तंभाची उंची सुमारे ५२० मिलिमीटर, म्हणजे साधारण १४७४ पॉइंट. साडेबाराच्या अंतराने त्यात ११७ ओळी बसतात, १२.३च्या अंतराने ११९. स्तंभामागे दोन ओळी आणि आठ स्तंभांच्या पानावर सोळा, म्हणजे एक छोटी बातमी. वाचकाच्या डोळ्यांना न जाणवता एवढी जागा मिळत असेल तर निर्णय चांगलाच होता. स्टाइलमध्ये एक आकडा बदलायचा, एवढेच काम.

पण तो आकडा बदलल्यावर पाने तीन तऱ्हांनी वागली. काही पानांवर मजकूर अपेक्षेप्रमाणे आवळला. काही पानांवर काहीच बदलले नाही, कारण स्टाइलमध्ये ओळी जाळीवर बसवा असे सांगितलेले होते आणि त्या फाइलींची जाळी साडेबारा पॉइंटचीच राहिली होती. स्टाइल काहीही म्हणो, प्रत्येक ओळ पुन्हा जुन्या रेघेवर जाऊन बसत होती. जाळी ही स्टाइलच्या बाहेर, फाइलच्या मांडणीत ठरते, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. तिसऱ्या प्रकारची पाने सगळ्यांत वाईट होती. एकाच बातमीचे दोन परिच्छेद नव्या अंतराने आणि मधला एक जुन्या अंतराने, कारण त्या परिच्छेदावर कोणीतरी कधीतरी हाताने अंतर दिलेले होते, आणि हाताने दिलेले मूल्य स्टाइल बदलली तरी जागचे हलत नाही. शेजारशेजारच्या स्तंभांतील ओळी एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत. साडेदहाला सुरू झालेली दुरुस्ती एक वाजता संपली आणि पहिली आवृत्ती उशिरा गेली. त्या रात्री बातमीत काही चुकले नव्हते. गेल्या दोन वर्षांतले हाताने केलेले हजारो छोटे बदल एकदम समोर येऊन उभे राहिले होते.

दुसरी गोष्ट नात्याची आहे. एक स्टाइल दुसरीवर बेतता येते. मूळ स्टाइल बदलली की तिच्यावर बेतलेल्या सगळ्या बदलतात, फक्त त्या स्टाइलने स्वतः वेगळा ठरवलेला गुण तेवढा टिकतो. ही सोय अमोल आहे, पण नाते चुकीचे जोडले तर तीच अंगाशी येते. आमच्याकडे फोटोओळीची स्टाइल कोणीतरी इंट्रोवर (बातमीच्या आधी येणाऱ्या छोट्या प्रास्ताविक मजकुरावर) बेतली होती, कारण ती करताना दोन्हींचा फाँट एकच दिसत होता. पुढे इंट्रो मधोमध घ्यायचा ठरला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात सगळ्या फोटोओळी मधोमध छापून आल्या. दिसण्यातले साम्य आणि कामातले नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोओळीचे नाते छायाचित्राच्या श्रेयओळीशी आहे, तक्त्याखालच्या ओळीशी आहे, इंट्रोशी नाही. हे कोणत्या सॉफ्टवेअर-तज्ज्ञाला कळणार? ते डेस्कवर बसणाऱ्याला कळते. म्हणून स्टाइलची वंशावळ आखण्याचे काम तांत्रिक विभागाकडे सोपवून संपादकीय विभागाने मोकळे होऊ नये, असे मी आग्रहाने म्हणते.

हाच मुद्दा नावांना लागू आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा नावांतच आहे. 'लाल ३६ ठळक' हे स्टाइलचे नाव नव्हे, तो एका दिवसाचा रंग आणि आकार आहे. पुढच्या वर्षी अंकाचे रूप बदलते, लालचा निळा होतो आणि ३६चा ३२, पण नाव तेच राहते. मग नव्या उपसंपादकाला सांगावे लागते की निळा मथळा हवा असेल तर 'लाल ३६' घे. त्या जागी 'मुख्य बातमी, मथळा' असे नाव असते तर रूप कितीही वेळा बदलले तरी नाव खरेच राहिले असते. स्टाइलचे नाव तिच्या कामावरून असावे : मुख्य बातमीचा मथळा, एकस्तंभी मथळा, उपमथळा, इंट्रो, बातमीचा मजकूर, पहिला परिच्छेद, बायलाइन (बातमीदाराच्या नावाची ओळ), क्रॉसहेड (मजकुरामधले छोटे शीर्षक), चौकटीचा मजकूर, अवतरण, फोटोओळ, निधनवार्ता. ही यादी वाचणाऱ्याला आपले वृत्तपत्र कोणकोणत्या प्रकारचा मजकूर छापते हे कळते. एकस्तंभी मथळा आणि संक्षिप्त वृत्ताचा मथळा वेगळे ठेवायचे की एकच, हा प्रश्न फाँटचा नाहीच. संक्षिप्त वृत्त हा स्वतंत्र प्रकार आपण मानतो का, असा तो संपादकीय प्रश्न आहे.

मजकुराचे काम आणि त्याचे रूप वेगळे ठेवावे हा विचार नवा नाही. एसजीएमएल ही खुणांची भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली ती याच विचारावर. वेबपानांचे रूप ठरवणारी सीएसएस ही भाषा १९९६ मध्ये आली तीही त्याच पायावर. आज छापील पानावरचा मजकूर त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर जातो, तेव्हा हा विचार प्रत्यक्ष कामाला येतो. पॅरा स्टाइलला निर्यातीसाठीची खूण जोडून ठेवता येते, म्हणजे 'मुख्य बातमी, मथळा' तिकडे पहिल्या पातळीचे शीर्षक होते आणि क्रॉसहेड दुसऱ्या पातळीचे. ज्या उपसंपादकाने क्रॉसहेडसाठी बातमीच्या मजकुराचीच ओळ हाताने ठळक केली, त्याचे क्रॉसहेड छापील पानावर क्रॉसहेडच दिसते, पण वेबवर ते एक ठळक वाक्य म्हणून जाते. दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन-रीडर लेखात शीर्षकांवरून उड्या मारत पुढे जाते. त्या वाचकाच्या लेखी ते क्रॉसहेड अस्तित्वातच नसते. बायलाइनला स्वतःची स्टाइल नसेल तर दहा वर्षांनी संग्रहात एखाद्या बातमीदाराचे लेखन शोधताना यंत्राला नाव आणि मजकूर यांतला फरक सांगता येत नाही. रात्री वाचवलेल्या चार सेकंदांची ही वसुली असते.

देवनागरीत भाषेच्या नोंदीचाही असाच परिणाम होतो. स्टाइलमध्ये भाषा मराठी ठेवली आणि फाँटमध्ये ती सोय असेल, तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली तर त्याच फाँटमधून हिंदी वळणाचे येतात आणि एकाच पानावर दोन तऱ्हेचे 'ल' दिसतात. इनडिझाइनमध्ये तर परिच्छेद रचणारी यंत्रणा कोणती हेही स्टाइलमध्येच नोंदलेले असते. भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर लागतो. एखादी स्टाइल ताज्या फाइलमधल्या 'बेसिक पॅराग्राफ'वरून घाईने केली आणि हे एक घर बदलायचे राहिले, की 'निवडणूक' या शब्दातली पहिली वेलांटी 'न'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे हलन्त उघडे पडतात. अशा मथळ्याचे प्रूफ समोर आले की नवखा ऑपरेटर फाँट बिघडला म्हणून फाँट बदलतो. म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. 'बेसिक पॅराग्राफ' ही स्टाइल पुसता येत नाही आणि तिचे नावही बदलता येत नाही. तिच्यावर आपली एकही स्टाइल बेतू नये, हा नियम कोणीतरी लिहून ठेवायला हवा आणि तो पाळला जातो का हे पाहायला हवे.

येथे 'कोणीतरी' हा शब्द मी पुन्हा वापरला, आणि त्याच शब्दावर सगळे अडते. खिळे जुळवण्याच्या काळात हे 'कोणीतरी' लागत नव्हते. जुळाऱ्यासमोरच्या घरांत जे फाँट आणि जे आकार होते तेवढेच होते. साडेतेवीस पॉइंटचा मथळा कोणाला सुचला तरी तो घडवता येत नव्हता. दोन ओळींतल्या अंतराला आपण आजही लीडिंग म्हणतो ते शिशाच्या पट्ट्यांवरून, आणि त्या पट्ट्याही ठरावीक जाडीच्याच असत. लंडनच्या 'द टाइम्स'ने ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून नवा फाँट आणला तेव्हा त्याआधी कित्येक महिने आराखडे, चाचण्या आणि धातूचे काम झाले होते. निर्णय महाग होता, म्हणून तो विचारपूर्वक घेतला गेला आणि एकदा घेतल्यावर पाळला गेला. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरांत १९८५ मध्ये पेजमेकर आले, १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस, १९९९ मध्ये इनडिझाइन. या प्रवासात पान लावणाऱ्याला जे स्वातंत्र्य मिळाले त्याचे मोल मी जाणते आणि मागे जाण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण धातू जे राखणदारीचे काम मुकाट्याने करत होता ते काम सॉफ्टवेअर आपणहून करत नाही. ती जागा रिकामी झाली आणि तिथे माणूस नेमला गेला नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की प्रत्येक वृत्तपत्राने आपल्या स्टाइल लायब्ररीसाठी एक जबाबदार माणूस, म्हणजे राखणदार, नेमावा आणि तो संपादकीय डेस्कवरचा असावा. त्याला पानमांडणी येत असावी आणि बातमीही कळत असावी. हे काम त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेले असावे, त्यासाठी आठवड्यातून किमान अर्धा दिवस त्याला रात्रपाळीतून मोकळा करावा, आणि मूळ टेम्प्लेटमध्ये बदल करण्याचा अधिकार त्याच्याकडे आणि त्याच्या एका बदली सहकाऱ्याकडे असावा, इतर कोणाकडेही नसावा. इनडिझाइनच्या पानावरचा मजकूर उपसंपादकाला हाताळू देणाऱ्या इनकॉपीसारख्या व्यवस्थेत हे अर्धे आधीच घडलेले असते, कारण पानाशी जोडलेल्या मजकुरात उपसंपादक स्टाइल लावू शकतो, पण तिची व्याख्या पानावरून येते. उरलेले अर्धे पान लावणाऱ्यांच्या बाजूने बंद करायचे आहे. आवृत्ती अनेक असतील तर सर्वांनी एकाच मूळ फाइलवरून स्टाइल घ्याव्यात. आवृत्तीप्रमुखाने आपल्यापुरती प्रत काढून ती सुधारायला सुरुवात केली की वर्षभरात एकाच वृत्तपत्राची चार वृत्तपत्रे दिसू लागतात, आणि पान एका आवृत्तीतून दुसरीत नेताना प्रत्येक वेळी मजकूर उरतो किंवा कमी पडतो.

या माणसाने पहिल्यांदा एक चाचणी-पान करावे, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. त्या एका फाइलमध्ये लायब्ररीतील प्रत्येक स्टाइल एकदा तरी लागलेली असावी आणि तिच्यातला मजकूर मुद्दाम अवघड निवडलेला असावा. खाली उकार आणि वर रफार असलेली अक्षरे एकाखाली एक येतील असा दोन ओळींचा मथळा, एका स्तंभात न मावणारा लांब सामासिक शब्द, मराठी अंक, मधे आलेले रोमन लिपीतले संक्षेप, नऊ परिच्छेदांची मुलाखत, एका ओळीची फोटोओळ आणि चार ओळींची फोटोओळ. स्टाइलमध्ये कोणताही बदल करायचा झाला की तो आधी या पानावर करून, छापून, कागदावर पाहावा. पडद्यावर न दिसणारी मात्रांची टक्कर वृत्तपत्राच्या कागदावर लगेच दिसते. आमच्याकडे हे पान सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात दोन चुका अंकात जाण्याआधी सापडल्या. त्यांतली एक पहिल्या पानाच्या मथळ्याची होती : वरच्या ओळीतला 'पू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'र्वी'च्या रफाराला चिकटत होता. अंतर दोन पॉइंटने वाढवले आणि प्रश्न मिटला.

नवी प्रणाली येत असेल तर जुनी यादी जशीच्या तशी तिच्यात ओतू नये, ही दुसरी कळकळीची विनंती. विक्रेत्याच्या माणसांना तेच सोयीचे असते, कारण त्यांना ठरलेल्या तारखेला काम पूर्ण दाखवायचे असते. पण चारशे नावांचा पसारा नव्या घरात गेला की तो आणखी दहा वर्षे राहणार. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांची पाने घ्यावीत आणि कोणती स्टाइल प्रत्यक्ष किती वेळा लागली हे मोजावे. एकदाही न लागलेल्या स्टाइल काढून टाकाव्यात. जुळ्या-तिळ्या स्टाइल एकत्र कराव्यात. स्टाइल पुसताना तिच्या जागी कोणती लावायची हे सॉफ्टवेअर विचारतेच, त्याचा उपयोग करावा. माझ्या अंदाजाने दैनिकाच्या मुख्य अंकाला चाळीस ते साठ पॅरा स्टाइल पुरतात आणि कॅरेक्टर स्टाइल (परिच्छेदातल्या काही शब्दांपुरत्या लागणाऱ्या) दहा-बाराच्या पुढे क्वचितच लागतात. कॅरेक्टर स्टाइलमध्ये जे बदलायचे तेवढेच नोंदवावे आणि बाकीची घरे रिकामी सोडावीत. ठळक करण्याच्या स्टाइलने फाँटचा आकारही नोंदवून ठेवला, तर मजकुराचा आकार बदलल्यावर ठळक शब्द तेवढे जुन्या आकारात राहतात. बातमीच्या सुरुवातीचे गावाचे नाव ठळक करण्यासाठी तर हाताचीही गरज नाही, पहिल्या विरामचिन्हापर्यंत कॅरेक्टर स्टाइल आपोआप लागेल अशी सूचना पॅरा स्टाइलमध्येच ठेवता येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पान सजवणाऱ्या माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. इतके बांधून टाकले तर विशेष पानाचे काय, निकालाच्या दिवसाचे काय, ज्या दिवशी पहिले पान वेगळेच दिसायला हवे त्या दिवसाचे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर बंदी हे नाही. विशेष पानासाठी विशेष स्टाइल जरूर कराव्यात, पण त्या वेगळ्या फोल्डरात ठेवाव्यात, नावाच्या सुरुवातीला त्या प्रसंगाचे नाव आणि तारीख घालावी आणि प्रसंग संपला की त्या मूळ फाइलमधून काढून संग्रहात ठेवाव्यात. त्यातली एखादी इतकी चांगली जमली की ती रोज वापरावीशी वाटली, तर राखणदाराने ती कामावरून नाव देऊन मुख्य यादीत घ्यावी. मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या पानांपैकी बरीच पाने अशा शिस्तीच्या डेस्कवरच लागली आहेत. रोजच्या चाळीस बातम्यांवर अर्धा-अर्धा पॉइंट झगडण्यात जो वेळ जातो, तो तिथे त्या एका पानासाठी शिल्लक राहत होता.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. रात्री मजकूर दोन ओळींनी उरला तर माणूस काय करणार? मला हे रोज भोगावे लागते, म्हणून मी याचे उत्तर टाळणार नाही. उरलेल्या दोन ओळी कापणे हे उपसंपादकाचे काम आहे आणि बहुतेक बातम्यांत दोन ओळी कापण्याजोग्या असतात. जिथे खरोखर कापता येत नाही तिथे 'बातमीचा मजकूर, आवळलेला' अशी एकच स्टाइल लायब्ररीत ठेवावी. तिच्यात अक्षरांतले अंतर किती कमी करायचे हे एकदाच, कागदावर पाहून ठरवावे. मग आवळायचे असेल त्याने ती लावावी. हाताने आवळलेला परिच्छेद आणि या स्टाइलने आवळलेला परिच्छेद यांतला फरक असा, की दुसरा नंतर शोधता येतो, मोजता येतो आणि सुधारता येतो. एखाद्या पानावर ती रोज लागते आहे असे दिसले तर त्या पानाचा आराखडाच चुकला आहे हे संपादकांना आकड्यानिशी दाखवता येते.

नव्याने आलेल्या उपसंपादकांच्या प्रशिक्षणात प्रमाणलेखनाला एक दिवस असतो, तो असायलाच हवा. त्याच्या शेजारी स्टाइलच्या यादीला दोन तास द्यावेत. प्रत्येक नावाचे काम काय, ती केव्हा लावायची आणि केव्हा नाही, हे एका छापील कागदावर नमुन्यांसह द्यावे आणि तो कागद राखणदाराने दर तिमाहीला ताजा करावा. यादीत बदल झाला की काय बदलले, का बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे दोन ओळींत त्याच फाइलजवळ नोंदवावे. दोन वर्षांनी तो राखणदार दुसऱ्या विभागात गेला तर त्याच्या जागी येणाऱ्याला ती नोंद हाताशी मिळते, आणि अमुक स्टाइल अशीच का आहे हे विचारायला फोन करावा लागत नाही.

या कामाला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आपल्याकडे आज जी प्रणाली आहे, ती कितीही जुनी असली तरी, तिच्यात स्टाइलना नावे देता येतात आणि नको त्या पुसता येतात. येत्या निर्मिती-बैठकीत आपापल्या मुख्य अंकाची स्टाइल-यादी एकदा छापून टेबलावर ठेवावी आणि तिच्यातले प्रत्येक नाव कोणत्या कामाचे आहे हे उपस्थितांनी मोठ्याने वाचून सांगावे, एवढे आपण करावे. ज्या नावांवर कोणाला काही सांगता येणार नाही, त्यांवर त्याच वेळी खूण करावी, आणि तो कागद ज्याच्या हातात द्यायचा त्याचे नाव बैठकीच्या इतिवृत्तात लिहावे.

आपली,
पानमांडणी विभागातील एक सहकारी